दुपारी आलेलीचा पैरा

बाजारकुणंग
दिवाळीनंतरचा मंगळवार, सन १९५९

आधी पोचली ती पारू. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्या अंगणात परकं माणूस उभं आहे आणि शेजारची पारू घरात बसून आहे, असं तुझ्या जन्मापासून कधी झालंय का? हातात विळा, तोंडात पान. "वैनी, पावणं आल्यात. कोन म्हनायचं?" मी अजून तोंड धूत होते. तिच्या मागून एक काळी छत्री आली, छत्रीमागून एक बाई, आणि बाईमागून दोन पिशव्या वाहणारा तिचा नवरा, घामानं भिजलेला. बाई म्हणाली, "गिरजाक्का तुम्हीच ना? आम्हाला कमलनं पाठवलंय."

आशीर्वाद मागाहून लिहिते, आधी हे ऐक. तू त्या कृष्णाशी लग्न केलंस तेव्हापासून या अंगणात तुझं नाव मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. पारूच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. तुझे आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हशीलाच म्हणाले, "सर तिकडं." म्हैस काही मधे आलेली नव्हती.

बाईचं नाव सुंदरीबाई, नवऱ्याला सगळे वासू मास्तर म्हणतात, हे तुला ठाऊकच. बेळगावला तुझ्या दवाखान्याशेजारीच राहतात म्हणे, आणि गावोगाव जाऊन येशूच्या गोष्टी सांगतात. पण आधी त्यांनी माझी गोष्ट सांगितली. मला नात झाली. अगं, मुलगी! आणि डोळे आप्पांसारखे बारीक, हे सुंदरीबाईंनी न विचारता सांगितलं. आप्पांना त्या तेव्हा पहिल्यांदाच बघत होत्या, म्हणजे खोटं नसणार.

मला काय करू सुचेना. घरात गेले, गुळाची ढेप फोडली आणि दारावरून जाईल त्याच्या हातावर खडा ठेवत सुटले. नागू दुकानदार विचारतो, "गूळ कशाचा ओ, काकू?" आता आली का पंचाईत. तुझं नाव घ्यायचं नाही ही घरधन्याची ताकीद. मी म्हटलं, म्हैस व्याली.

संध्याकाळपर्यंत अर्धा गाव खरवसाला भांडी घेऊन दारात. आप्पा म्हणतात, "कोन व्यालं? ती तर गाभन बी न्हाई!" सुंदरीबाई हसून हसून खांबाला टेकल्या, आणि मग म्हणाल्या, "आक्का, खोटं बोलू नये हो." मी म्हटलं, "बाई, नाव घ्यायचं नाही ही आमच्या मालकांची अट, खोटं बोलायचं नाही ही तुमच्या देवाची. या दोहोंच्या मधे गूळ वाटायचा कसा, तेवढं सांगा." त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो.

तुझा निरोप मिळाला. आप्पांच्या तोंडून 'ये' आल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाहीस, आईच्या चोरवाटेनं येणार नाहीस. बरं. तू त्यांचीच लेक, दुसरं काय म्हणणार. पण कमल, मला नात बघायची आहे. तुझ्यामागं मला दुसरं कुणी नाही. ती रांगायला लागायच्या आत बघायची आहे, इतकंच माझं मागणं.

आप्पांनीही गूळ खाल्ला. एक खडा खाल्ला आणि दुसरा मागितला. त्यांना कशाचा ते कळलं होतं की नव्हतं, देव जाणे.

बाजारकुणंग
शनिवार

पाहुण्यांना शाळेच्या पडवीत जागा दिलीय. आप्पांनी सांगितलं, "माज्या घरात न्हाई." पण संध्याकाळी जेवून आपल्या खळ्यावर येऊन बसले तर त्याला हरकत नाही, कारण खळं म्हणजे घर नव्हे. हे त्यांनी स्वतःच ठरवलं, मला बोलायला लागलं नाही. आणि रोज दिवा लागला की तेच आधी जाऊन पोतं अंथरतात. वाद घालायला माणूस मिळालंय ना.

त्यांचा गोंधळ तर नावापासूनच सुरू होतो. "जावयाचं नाव कृष्णा, आनि देव येशू. ह्ये कसं?" मास्तर म्हणाले, "नाव आजोबांनी ठेवलेलं, काढून कशाला टाकायचं?" आप्पा म्हणाले, "मंग देव कशाला काढून टाकला?" मला वाटलं भांडण होणार. पण मास्तर हसले आणि म्हणाले, "काका, हे मला पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं." तेव्हापासून आप्पांना ते आवडतात. आप्पा 'जावई' म्हणाले हे तुझ्या ध्यानात आलं का? तोंडातून निसटलं त्यांच्या. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही.

मीही सुंदरीबाईंना सरळ विचारलं. म्हटलं, तुम्ही आम्हाला बाटवायला आलात का? त्या म्हणाल्या, "आक्का, तुम्ही आमच्या वाटेनं यावं असं मला वाटतं. ते लपवणार नाही. पण आज कमलच्या कामासाठी आलेय." मला ते बरं वाटलं, तोंडावर सांगितलं म्हणून. मी म्हटलं, माझा देव्हारा भरलेला आहे, पण गोष्टी ऐकायला कान रिकामे आहेत. त्या म्हणाल्या, "तसं अर्धं अर्धं चालत नाही." मग कसं चालतं, ते काही मला समजलं नाही. त्यांनी समजावलं, मी हो म्हटलं, तरी समजलं नाही.

एक शिकवण मात्र समजली. शेजाऱ्यावर आपल्यासारखीच माया करावी. शेजारीण पारू आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक नसावं, पण मी लागलेच कामाला. तिची गाय परसातले वाल खात होती, मी हाकलली नाही. आणखी एक शिकवण होती, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करावा. म्हणून कुंपण काढून तिला मुळ्याच्या वाफ्यातही जाऊ दिलं. तर पारू म्हणते, "माज्या गायीला इख घातलंस काय गं? न्हाईतर तू आनि कुंपन काढनार?" दिवसभर गायीच्या तोंडाकडं बघत बसली.

काल मास्तरांनी जी गोष्ट वाचली ती लिहिते. मूळ गोष्ट द्राक्षांच्या मळ्याची. आप्पा म्हणाले, "द्राक्षं हितं कुनी बघितल्यात? भात करा त्याचं." मास्तरांनी भात केलं. एका मालकानं कापणीला सकाळी गडी बोलावले, दिवसाला पायलीभर भात ठरलं. दुपारी अजून काही आले. दिवस कलताना अजून काही. दिवेलागणीला मालकानं सगळ्यांना पायली पायली भात घातलं. सकाळचे कुरकुरले, आम्ही उन्हात मेलो आणि ह्यांना तेवढंच? मालक म्हणाला, तुमचं ठरलेलं तुम्हाला मिळालं, मी दुसऱ्याला दिलं तर तुमच्या पोटात का दुखतं?

आप्पा ताडकन उठले. "असला मालक माज्या गावात असता तर एक गडी मिळाला नसता त्याला!" आणि निघून गेले.

मला तर गोष्ट फार आवडली. रात्री कुशीवर वळले तरी तीच. कसला मोठ्या मनाचा मालक! मी म्हटलं, सोमवारी आपली कापणी आहे, करून बघू.

बाजारकुणंग
बुधवार

करून बघितलं. आता काय झालं ते सांगते. रागावू नको.

आपला पैरा तुला ठाऊक आहे. आज पारू माझ्या शेतात दिवसभर वाकली, की उद्या मी तिच्या शेतात दिवसभर वाकायचं. दिवसाला दिवस, अर्ध्याला अर्धा. कुणी लिहून ठेवत नाही, पण कुणी विसरत नाही. तुझी आजी मरताना सुद्धा म्हणाली होती, शेजारच्या तारीचा अर्धा दिवस राहिलाय, फेडा.

सोमवारी पारू उजाडायच्या आत आली, कृष्णाबाई आली, म्हादू आणि त्याची बायको आली. झिलूची केशर आली ती दुपारच्या भाकरीच्या वेळी. तिचं तान्हं रात्रभर रडत होतं, डोळे सुजलेले. आली आणि न बोलता विळा घेऊन ओळीला लागली. मला तिच्याकडं बघून तूच दिसत होतीस, पोर घेऊन एकटी. म्हणून संध्याकाळी पेंढ्या बांधून झाल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "केशर, तुझा पुरा दिवस धरला. मी तुझ्याकडं पुरा दिवस येईन."

केशर म्हणाली, "नको ओ, काकू." तिला पुढचं दिसलं असावं.

पारूनं विळा खाली टाकला. "मंग मी काय कोंबड्याला उठवायला आले हुते? माजा बी पुरा, तिचा बी पुरा?"

मी म्हटलं, "पारू, तुझं ठरलेलं तुला मिळालं, तुझ्या पोटात का दुखतं?"

हे मी बोलायला नको होतं. गोष्टीतला मालक बोलला आणि निभावलं, पण त्याच्या शेजारी पारू नव्हती.

मंगळवारी सकाळी शेतात आम्ही दोघंच. आप्पा आणि मी. ऊन चढलं, कुणी नाही. भाकरीच्या वेळेला सगळे आले. पारू, कृष्णाबाई, म्हादू, त्याची बायको. सगळे एकदम, ओळीनं, केसांना तेल लावून. पारू म्हणते, "आलो बाई दुपारी. पुरा दिवस धर." आणि हळूहळू, एकेक काडी मोजून कापल्यासारखं कापत बसले. आली नाही ती फक्त केशर. तिला लाज वाटली, बिचारीला.

भात पिकून वाकलंय कमल, हात लावला की दाणे गळतात. रानाकडच्या वाफ्यात गवे उतरून गेले, अर्धी ओळ तुडवली. आप्पा माझ्याशी बोलेनात. मी मास्तरांकडं गेले आणि म्हटलं, तुमच्या गोष्टीनं माझं भात पाडलं. मास्तर घाबरले. म्हणाले, "आक्का, ती गोष्ट पैऱ्याबद्दल नाही. ती देवाच्या राज्याबद्दल आहे." मी म्हटलं, "मग खळ्यावर आणून कशाला सांगितलीत? देवाच्या राज्यात नेऊन सांगायची होती." सुंदरीबाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. आता काय सांगाल, मास्तर?" मास्तर पुन्हा म्हणाले, विचार करून सांगतो. आधीच्या गुळाचाच विचार अजून झाला नव्हता.

संध्याकाळी आप्पा पारूच्या कुंपणाशी गेले. मला वाटलं गोड बोलायला गेले. कसलं!

"पारू, पैरा मोडतीस व्हय गं?"

"मी मोडला? तुमच्या घरानं मोडला, भावजी! केशर दुपारी आली, तिला पुरा दिवस देतासा. आनि पोटची पोर उशिरा का हुईना दारात येतो म्हनतीया, तिला अर्धा बी न्हाई! ह्यो कुठला हिशेब, मला बी शिकवा!"

सगळ्या वाडीनं ऐकलं असेल. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. पारूला स्वतःलाच कळलं आपण काय बोललो ते, तोंडावर पदर घेऊन आत पळाली. आप्पा तिथंच उभे. मग ते घरी न येता खळ्यावर गेले. मास्तर आणि सुंदरीबाई तिथं बसलेच होते. मी पेंढ्यांच्या मागं होते, चोरून नव्हे, पेंढ्याच रचत होते.

आप्पा म्हणाले, "मास्तर, त्या गोष्टीत मी कोन?"

मास्तर म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे सकाळचा गडी का दुपारचा का मालक? मला समजंना झालंय. तिच्यासाठी मी राबलो. ताप आला तवा खांद्यावरनं जोयड्यापातूर नेली, तितनं मोटारीनं बेळगावला. ताप तितं सोडला आनि पोर बी तितंच ऱ्हायली. मग सकाळचा गडी मीच न्हवं? मला काय मिळालं?"

सुंदरीबाईच म्हणाल्या, "काका, मलाही ती गोष्ट पुरती कळत नाही. माझा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नाही. आम्ही दोघंही स्वतःला सकाळचे समजतो."

मला रडू आलं, पण कुणासाठी ते कळेना. तुझ्यासाठी, आप्पांसाठी, का त्या बाईच्या भावासाठी.

बाजारकुणंग
शुक्रवार

हे पत्र घाईत लिहितेय. मास्तर पिशव्या बांधतायत, बांधून होईतो लिहायचं आहे.

काल सकाळी शेतात पुन्हा आम्ही दोघंच. आणि बांधावरून आली छत्री. मास्तर धोतर खोचून, सुंदरीबाई पदर बांधून, दोघांच्या हातात शाळेमागच्या म्हादूकडून मागून आणलेले विळे. आप्पा म्हणाले, "मास्तर, ह्ये पुस्तक न्हाई, हात कापंल." पहिल्या ओळीतच कापला. मी दगडीपाल्याचा रस लावला. सुंदरीबाई मात्र सराईत निघाल्या, त्यांचं माहेर शेतकरी. काय हात चालतो त्या बाईचा! आप्पा ओळ सोडून बघत राहिले.

दुपारी केशर आली, पोर पाठीला बांधून. तिच्यामागं कृष्णाबाई. आणि मग पारू. पारू माझ्याकडं बघेना, सुंदरीबाईंना म्हणते, "पेंढी अशी बांदत न्हाईत, सरा." आणि स्वतः बांधायला बसली. दिवस मावळायच्या आत शेत मोकळं झालं. पैऱ्याचं कुणी काही बोललं नाही. आपल्याकडं असं कधी झालं नव्हतं, त्यामुळं घरी जाताना सगळे जरा अवघडलेलेच होते. काहीतरी विसरल्यासारखे.

पण तुझे आप्पा विसरणार आहेत थोडेच. आज सकाळी शाळेच्या पडवीत जाऊन उभे. "मास्तर, माज्यावर तुमचा दोगांचा दिवस चढला. कवा येऊ फेडायला? शेत कुठं हाय तुमचं?"

मास्तर म्हणाले, "काका, आम्हाला शेत नाही."

"मंग काम काय करतासा?"

"हेच. घरोघर जाऊन बोलायचं."

"ते मला जमायचं न्हाई. दुसरं सांगा."

तेव्हा सुंदरीबाई म्हणाल्या, "एक ओझं आणायचंय. जोयड्याच्या मोटारीपासून इथवर. तान्ही मुलगी, तिची आई आणि एक गाठोडं. बाळंतीण चालू शकणार नाही. गाडी लागेल."

आप्पा बैलांच्या बाजूला बघत राहिले. बैल तिथं नव्हते, ते घरी होते. मग म्हणाले, "गाडी येईल. पैऱ्याची म्हनून."

मी तिथंच होते. म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. म्हटलं, "गाडी ठीक आहे. पण तिनं शब्द मागितलाय."

"गाडी गेली म्हंजे शब्द गेलाच की."

"नाही गेला. ती तुमची लेक आहे. रिकाम्या गाडीत बसायची नाही."

मग ते माझ्याकडं न बघता मास्तरांशी बोलले.

"तुमची ती गोष्ट चुकीची हाय."

"असेल, काका," मास्तर म्हणाले.

"सकाळच्या गड्यावर अन्याय हाय त्यात. मी अजून बी तसंच म्हनतो."

"असेल."

"पोरीला ये म्हनावं."

कमल, मला ऐकू आलं होतं. पण मी म्हटलं, काय म्हणालात, ऐकू नाही आलं. ते चिडून म्हणाले, "पारूला इचार, तिला आलं असंल." आणि खरंच पडवीच्या भिंतीमागून पारू ओरडली, "आलं, आलं, भावजी! ये म्हनलासा!"

आता तुला आणखी काय हवं? साक्षीदार पारू आहे, साऱ्या तालुक्याला कळलं असेल एव्हाना. कृष्णाचं विचारलं तर म्हणाले, गाडीत जागा बघू. गाडीत जागा किती असते ते तुला ठाऊक आहे, चार पोती बसतात. आणून टाक त्याला पण. सोवळ्याओवळ्याचं, जेवणाच्या पानांचं, कुणी कुठं बसायचं, ते काहीच मला अजून सुचत नाही. सुंदरीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मलाही ठाऊक नाही, आल्यावर बघू. गोष्टीचा अर्थ लागलेला नाही, गुळाचा निकाल लागलेला नाही, आणि आप्पा सकाळपासून गाडीच्या चाकाला वंगण घालतायत. एकाच चाकाला. मी सांगितलं, दुसरंही आहे.

बाळाला उन्हातून झाकून आण. काय नाव ठेवलंस ते सुंदरीबाईंनी सांगितलं, पण मला ते नीट उच्चारता येईना. तूच येऊन शिकव.

मास्तर हाका मारतायत. रविवारी त्यांची प्रार्थना असते, त्या दिवशी ते वाटेला लागत नाहीत. तुम्हाला घेऊन सोमवारी येतो म्हणालेत, पहिल्या मोटारीनं. मी दोनदा विचारून घेतलं. सोमवारी.